प्रस्तावाची पानं सुटली तरी ओळखू यावीत : वर्डमध्ये हेडर-फुटर असं लावा

बीड : बचत गटाचा प्रस्ताव, ग्रामसभेचा ठराव, कॉलेजचा प्रकल्प अहवाल. असा पाच-दहा पानांचा कागद तालुक्याला दिला की झेरॉक्ससाठी पिना निघतात आणि पानं मागंपुढं होतात. पानावर नाव नाही, नंबर नाही, मग कुणाचं कोणतं पान हे सांगणार कोण? त्यासाठीच हेडर-फुटर असतं. पानाच्या वरच्या समासातली ओळ म्हणजे हेडर, खालच्या समासातली फुटर. एकदा टाकली की ती सगळ्या पानांवर आपोआप येते.

नमुना पाहायचा तर मोबाईलवर एखादा शासन निर्णय उघडा. बहुतेक निर्णयांत वरच्या बाजूला निर्णयाचा क्रमांक आणि खाली ‘पृष्ठ ५ पैकी २’ असं छापलेलं असतं. मधलं पान गळालं तर लगेच लक्षात येतं.

कॉम्प्युटरवर वर्डमध्ये पानाच्या वरच्या कोऱ्या समासात दोनदा क्लिक करा. गटाचं नाव, गाव, तालुका आणि विषय एवढंच लिहा, जास्त गर्दी नको. मग ‘इन्सर्ट’मध्ये ‘पेज नंबर’, तिथं ‘बॉटम ऑफ पेज’ आणि त्यातला ‘पेज एक्स ऑफ वाय’ हा प्रकार निवडा. ‘पेज’ खोडून ‘पान’ लिहा, ‘ऑफ’च्या जागी तिरकी रेघ टाका; ‘पान २/५’ असं दिसेल. आकड्यांना मात्र हात लावू नका, ते वर्ड स्वतः मोजतं. काही जण प्रत्येक पानाखाली हाताने नंबर टाईप करतात. वर चार ओळी वाढल्या की तो नंबर सरकून पानाच्या मध्यात येतो.

पहिल्या पानावर ही ओळ नको असेल तर ‘डिफरंट फर्स्ट पेज’वर टिक करा. प्रकल्प अहवालात प्रत्येक प्रकरणाचं नाव वर वेगळं हवं असेल तर नव्या प्रकरणाआधी ‘लेआउट’मधून ‘ब्रेक्स’, ‘नेक्स्ट पेज’ घ्या आणि हेडरमध्ये जाऊन ‘लिंक टू प्रीव्हियस’ आधी बंद करा. ते चालू राहिलं तर इथलं नाव बदलताच मागच्या प्रकरणाचंही बदलतं. विद्यार्थी सगळ्यात जास्त इथंच अडकतात.

मोबाईलवर गुगल डॉक्समध्ये ‘प्रिंट लेआउट’ चालू केल्याशिवाय हेडर दिसतच नाही. पान नंबर अधिकच्या चिन्हातून मिळतो.

खरा धोका जुन्या फाईलचा. सेंटरवर बऱ्याचदा आधीच्या अर्जदाराची फाईल उघडून तिच्यातच नवा मजकूर भरतात. मजकूर टाईप करताना हेडर फिकट दिसतं, म्हणून नजरेतून सुटतं. छापताना मात्र ते ठळक येतं, आणि तुमच्या प्रस्तावावर दुसऱ्याच गावाचं नाव झळकतं! ‘कंट्रोल ए’ दाबून सगळं खोडलं तरी हेडर तसंच राहतं, कारण त्या निवडीत ते येत नाही. फॉन्ट बदलतानाही तेच. मजकूर युनिकोडमध्ये नेला आणि हेडर जुन्या फॉन्टमध्येच राहिलं, तर मोबाईलवर वरची ओळ अगम्य अक्षरांत दिसते. हेडरमध्ये शिरून ते वेगळं दुरुस्त करावं लागतं.

म्हणून प्रिंट काढण्याआधी पीडीएफ करून स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मागवा. मजकूर नंतर वाचा, आधी प्रत्येक पानाची वरची आणि खालची ओळ बघा. खालची ओळ प्रिंटमध्ये अर्धी कापली जात असेल तर ‘फुटर फ्रॉम बॉटम’चं अंतर थोडं वाढवा आणि एकच पान छापून पाहा.