हायस्कूलची वर्षाची प्रगती: पालकांनी काय बघावं, काय विचारावं

सरकारी किंवा महापालिकेच्या हायस्कूलची प्रगती म्हटली की आपण फक्त दहावीचा निकाल विचारतो. पण नववीत नाव घातलेल्यांपैकी किती मुलं परीक्षेला बसली? मधेच शाळा सुटलेली मुलगी निकालाच्या टक्केवारीत दिसतच नाही.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळा विकास आराखडा बनवणं, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं ही समितीची कामं. अनुदानित अल्पसंख्याक शाळांत मात्र 2012 च्या दुरुस्तीनंतर समिती फक्त सल्ला देते.

हा कायदा 6 ते 14 वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. सरकारी शाळांच्या पुढच्या वर्गांसाठी समग्र शिक्षा योजनेत शाळा व्यवस्थापन व विकास समितीची तरतूद आहे.

आमचं सांगणं एवढंच: बैठकीला वडिलांसोबत अम्मींनीही जावं. गणित-विज्ञानाचे शिक्षक वर्षभर होते का, मुलींचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं आहे का, गैरहजर मुलांच्या घरी कोण जाऊन आलं, हे विचारावं. शाळेच्या 11 अंकी यूडायस क्रमांकावरून तिची नोंदलेली माहिती ऑनलाइन बघता येते. ती प्रत्यक्षाशी ताडून पाहा. मोहल्ल्यातली मुलगी नववीत टिकली, तर शाळा पुढे गेली असं आम्ही म्हणू.