पत्त्याचा पत्ता

खेळांची दोन घराणी फार जुनी आहेत. एक पटाचे, दुसरे पानांचे. बुद्धिबळाच्या पटावर सारे उघड असते. राजा कुठे आहे, घोडा कुठल्या घरात दबा धरून बसला आहे, हे दोघांनाही दिसते, आणि हरणाऱ्याला दैवाला बोल लावण्याची सोय उरत नाही. पत्त्यांचे तसे नाही. पाने पिसली की दैवाचा कारभार सुरू होतो. हातात काय यावे हे आपल्या स्वाधीन नसते, दुसऱ्याच्या हातात काय आहे ते झाकलेले असते. आणि उतरलेले पान सतरंजीवर डावीकडे पडले काय नि उजवीकडे पडले काय, त्याने डावात काडीचाही फरक पडत नाही. सोंगट्यांच्या पटावर कवड्यांनी दैव आणले खरे, परंतु लपवाछपवी तेथेही नाही.

या दोन घराण्यांची सोयरीक अलीकडच्या काळात संगणकाच्या पडद्यावर रुळली. तिचा इतिहास लहान आहे, पण ऐकण्याजोगा आहे. सुटीत मुले पडद्यापुढे बसली म्हणून कुरकुरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर तो अवश्य ऐकावा. कारण विकत घेतलेली वस्तू आपली कधी होते, हा जुनाच प्रश्न त्यात नव्या रूपाने उभा राहिला आहे.

प्रारंभ कागदी पत्त्यांपासून करावा लागतो. १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ बाजारात आला. तोवरच्या बहुतेक खेळांत पत्त्यांचा जोड एकच, आणि तो सर्वांचा सामाईक. येथे मात्र प्रत्येक खेळाडू आपापला जोड बांधून आणू लागला. पत्ते बंद पाकिटांतून विकले जात. आत काय निघेल ते ठाऊक नसे, आणि दुर्मिळ पानासाठी जीव टाकला जाई. काड्यापेट्यांचे छाप जमवणाऱ्या आणि त्यांची अदलाबदल करणाऱ्या पिढीला ही ओढ समजावून सांगण्याची गरज नाही. पाकीट फोडले की पान आपले होई. ते डब्यात ठेवावे, मित्राला द्यावे, नातवासाठी राखावे.

पुढे हाच प्रकार संगणकावर आला. २०१४ साली ब्लिझार्ड कंपनीच्या ‘हार्थस्टोन’ने तो घरोघर नेला. येथे पानाला कागदच नव्हता. शिवाय उतरलेली पाने एका ओळीत मांडायची असल्याने अंतर, वाट, कोंडी या पटाच्या गोष्टींना फारसा वाव नव्हता.

तो वाव देण्याचे प्रयत्न इतरत्र चालूच होते. २००६ साली ‘पॉक्स नोरा’ आला. स्वीडनच्या मोजांग कंपनीने २०१४ साली ‘स्क्रोल्स’ हा खेळ पूर्णत्वास नेला. त्यात षट्कोनी घरांच्या पटावर प्रत्येकाच्या पाच रांगा आणि पाच मूर्ती असत, आणि समोरच्याच्या तीन मूर्ती फोडणारा जिंके. बेल्जियममधून २०१७ साली ‘फेरिया’ आला; त्यात खेळता खेळता पटावरची जमीनही आपणच घडवायची. परंतु या सोयरिकीचे मर्म मला सर्वांत स्वच्छ दिसते ते ‘ड्युएलिस्ट’मध्ये.

काउंटरप्ले गेम्स या कंपनीने २०१४ साली त्यासाठी लोकवर्गणी गोळा केली आणि एप्रिल २०१६ मध्ये खेळ सर्वांना खुला झाला. पट नऊ घरे लांब व पाच घरे रुंद, म्हणजे एकूण पंचेचाळीस घरांचा. दोन टोकांना दोन सेनापती, प्रत्येकाचे बळ पंचवीस. सेनापती धरून चाळीस पानांचा जोड ज्याचा त्याने बांधायचा. हातातले पान उतरवले की त्यातला योद्धा पटावर उभा राहतो. परंतु सहसा तो आपल्याच एखाद्या माणसाच्या लगतच्या घरातच उतरवता येतो. आलेल्या खेपेस तो हलत नाही. पुढच्या खेपेस दोन घरे चालतो आणि लगतच्यावर वार करतो. पटाच्या मध्यभागाजवळ शक्तीचे तीन झरे आहेत. त्यावर प्रथम जो पोहोचेल त्याला जास्तीची शक्ती मिळते.

एवढ्या साध्या नियमांतून काय घडते ते पाहा. काही योद्ध्यांना असा गुण दिलेला आहे, की लगतच्या शत्रूला त्यांनी जागीच खिळवून ठेवावे आणि वार करायचा तर तो त्यांच्यावरच करावयास लावावे. असे एक स्वस्त, किरकोळ पान बलाढ्य शत्रूच्या वाटेत नेमक्या घरात उतरले, तर तो बलाढ्य तेथेच अडकतो. तेच पान दोन घरे मागे उतरले, तर कुचकामी. पत्त्याची किंमत त्याच्यावर छापलेल्या आकड्याइतकीच त्याच्या जागेवर ठरते. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि येथे ते एकत्र आले: पत्त्याला पत्ता मिळाला! दैवाने हात दिला नाही तरी जागा हेरून डाव सावरता येऊ लागला, आणि म्हणूनच हा खेळ अनेकांच्या जिवाला लागला.

पण २७ फेब्रुवारी २०२० रोजी तो बंद झाला. संगणकावरील अशा खेळाचा कारभार कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रावरून, म्हणजे सर्व्हरवरून चालतो. ते यंत्र थांबले की लोकांनी पैसे मोजून, रात्री जागवून जमवलेली पाने एका दिवसात नाहीशी होतात. पटावरच्या प्रत्येक पानाचे घर खेळाडूला ठाऊक होते; खुद्द पाने मात्र परक्याच्या घरी वस्तीला होती.

अशा वेळी मला सावंतवाडीच्या गंजिफा आठवतात. गंजिफा हा बाहेरून आलेला खेळ. बाबराने १५२७ साली सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे त्याला दशावताराचे रूप मिळाले: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, मिळून एकशेवीस गोल पाने. तिघे बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस. राजा आणि प्रधान वरचे. पुढे निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा. चिंचोक्याच्या खळीने सांधलेली, लाखेने झळाळलेली ही पाने पेटीत सुखाने राहिली. मोडत गेला तो खेळणाऱ्यांचा अड्डा. विसाव्या शतकात ही कला अस्ताला निघाली असता शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चित्रकारांना बसवून ती सावरली. आज पाने सुरेख मिळतात. डाव मांडणारे मात्र थोडे.

दोन्ही दुर्दैवांची तुलना मला बोधप्रद वाटते. गंजिफांची पाने राहिली आणि खेळाडू पांगले. ‘ड्युएलिस्ट’चे खेळाडू होते आणि पाने गेली. तरी पहिल्या दुर्दैवावर उपाय सोपा आहे. पेटीतली पाने काढावीत, जाणत्याकडून नियम शिकावेत, तिघांनी बसावे. त्याला कोणाची अनुज्ञा लागत नाही. दुसऱ्यावर उपाय केवळ मालकाच्या हाती असतो.

आनंदाची गोष्ट अशी, की काही मालकांनी तो केला. ‘स्क्रोल्स’चा सर्व्हर फेब्रुवारी २०१८ मध्ये थांबला, परंतु त्याच वर्षी मोजांगने ‘कॉलर्स बेन’ या नव्या नावाने खेळ फुकट दिला आणि सर्व्हर चालवण्याची सामग्रीही लोकांच्या हवाली केली. ‘ड्युएलिस्ट’च्या कर्त्यांनी तर २०२३ च्या आरंभी संगणकाला दिलेल्या साऱ्या आज्ञा, चित्रे आणि ध्वनी आपले हक्क सोडून जगाला खुले केले. कोणीही ते घ्यावे, बदलावे, आपल्या यंत्रावर चालवावे. जमवलेली जुनी पाने परत आली नाहीत; पण खेळ सर्वांचा झाला, जसे बुद्धिबळ सर्वांचे आहे.

म्हणून या दिवाळीत घरातले मूल असा एखादा पट मांडून बसलेले दिसले, तर त्याच्या शेजारी जरूर बसावे. कुठले पान कुठल्या घरात आणि का उतरवले, ते त्यालाच विचारावे. उत्तरात बुद्धिबळाची शिस्त आणि पत्त्यांचे धाडस दोन्ही सापडतील. मग नवे पाकीट विकत घेण्यासाठी ते पैसे मागू लागले, की आणखी एक प्रश्न विचारावा: ही पाने राहतात कुठे, आणि त्या घराची किल्ली कोणाकडे आहे?