'ब्लडी' : एका शब्दाच्या असभ्यतेचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

शब्द मुळातच असभ्य असतो, की समाज त्याला असभ्य ठरवतो, हा भाषेच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. एकच भाषा निरनिराळ्या प्रदेशांत कशी रुजली याची तुलना केली असता त्याचे उत्तर अधिक स्पष्ट होते. इंग्रजीतील 'ब्लडी' हा शब्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. इंग्लंडमधील प्रतिष्ठित घरांत तो दीर्घकाळ निषिद्ध होता, ऑस्ट्रेलियात तो रोजच्या बोलण्यात रुळला, तर अमेरिकेत त्याला शिवीचे वजन आले नाही. अर्थ तोच असताना पत मात्र बदलत गेली. या बदलामागील सामाजिक कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

प्रतिष्ठेकडून निषेधाकडे

'बाय अवर लेडी' या शपथेचा अपभ्रंश होऊन हा शब्द तयार झाला, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. अभ्यासकांनी ती ग्राह्य मानलेली नाही. 'रक्त' या अर्थाच्या 'ब्लड' शब्दापासूनच तो आलेला आहे. सतराव्या शतकात 'अतिशय' या अर्थाने त्याचा वापर होऊ लागला. जोनाथन स्विफ्ट यांनी १७१० ते १७१३ या काळात लिहिलेली पत्रे 'जर्नल टू स्टेला' या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांत हवेतील उष्म्याची तीव्रता सांगण्यासाठी हा शब्द सहजपणे आलेला आहे. पत्र लिहिणारा धर्मोपदेशक होता आणि वाचणाऱ्या स्त्रिया सुशिक्षित होत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून चित्र बदलले. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात हा प्रयोग अत्यंत ग्राम्य ठरवला. पुढे ऑक्सफर्ड शब्दकोश म्हणून ओळखल्या गेलेल्या कोशाचा पहिला खंड १८८८ मध्ये पूर्ण झाला. हा शब्द अगदी खालच्या वर्गाच्या तोंडी सतत असतो आणि प्रतिष्ठित लोक त्याला अश्लील भाषेच्या बरोबरीचा मानतात, अशा आशयाची नोंद त्यात आढळते. ही नोंद अर्थाइतकीच बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानाविषयीही आहे. शब्द कोणाच्या तोंडी आहे यावरून तो त्याज्य ठरला होता.

वसाहतीतील स्थिती

१७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटनने सुमारे १ लाख ६२ हजार कैद्यांना ऑस्ट्रेलियातील वसाहतींत पाठवले. त्यांत ब्रिटिश शहरांतील आणि आयर्लंडमधील गरिबांचा मोठा भरणा होता. त्यांच्याबरोबर सैनिक आणि खलाशीही आले. मायदेशात ज्या वर्गाच्या नापसंतीमुळे शब्दावर बंधन पडत होते, तो वर्ग येथे अल्पसंख्य होता. त्यामुळे खालच्या वर्गाचा मानला गेलेला शब्द येथे सार्वत्रिक झाला.

स्कॉटिश प्रवासी अलेक्झांडर मार्जोरीबँक्स यांनी १८४७ च्या आपल्या प्रवासवर्णनात याची साक्ष दिली आहे. एका बैलगाडीवानाने पाव तासात २५ वेळा हा शब्द उच्चारल्याचे त्यांनी मोजले. दिवसाचे १० तास बोलण्याचे धरून, ५० वर्षांत तो हा शब्द १ कोटी ८२ लाख वेळा उच्चारील, असा हिशेब त्यांनी मांडला. हा हिशेब विनोदी असला तरी त्यात उच्चभ्रू प्रवाशाची नापसंती लपत नाही.

१८९४ मध्ये सिडनीच्या 'बुलेटिन' या साप्ताहिकाने या शब्दाला 'ऑस्ट्रेलियन विशेषण' असे संबोधले. ऑस्ट्रेलियन राष्ट्रभावना आकार घेत असतानाचा हा काळ होता. १ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहतींचे संघराज्य अस्तित्वात आले. इंग्लंडमध्ये जी वर्गाची खूण होती, ती येथे राष्ट्राची खूण होऊ लागली. तथापि हा बदल सरळ रेषेत झाला नाही. सी. जे. डेनिस यांची 'द ऑस्ट्रालेझ' ही १९०८ ची विनोदी कविता छापताना या शब्दाच्या जागी रेघा घातल्या गेल्या. बोलीने स्वीकारलेला शब्द छापील पानावर येण्यास अवधी लागला.

रंगभूमीवरील कसोटी

११ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकाचा प्रयोग झाला. त्यात फुले विकणारी एलायझा प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात, नव्याने शिकलेल्या निर्दोष उच्चारांत हा शब्द वापरते. प्रेक्षागृहात हास्याचा स्फोट झाला आणि वृत्तपत्रांत चर्चा रंगली. उच्चार वरच्या वर्गाचे आणि शब्द खालच्या वर्गाचा, हा विसंवाद त्या हास्याच्या मुळाशी होता.

अमेरिकन लेखक एच. एल. मेंकेन यांनी १९१९ च्या 'द अमेरिकन लँग्वेज' या ग्रंथात हा शब्द अमेरिकेत निरुपद्रवी, तर इंग्लंडमध्ये अतिशय अभद्र मानला जातो, हे नोंदवले. याच नाटकावर आधारित 'माय फेअर लेडी' हे संगीतक १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले. त्यात घोड्यांच्या शर्यतीच्या प्रसंगी एलायझाच्या तोंडून निसटणारा ग्राम्य शब्द वेगळाच आहे.

अधिकाराचा प्रश्न

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन संस्थेने परदेशी पर्यटकांना आमंत्रण देणारी जाहिरात केली. तिच्या घोषवाक्यात हा शब्द होता. ब्रिटनमधील दूरचित्रवाणी जाहिरातींच्या पूर्वतपासणी संस्थेने त्यास प्रथम हरकत घेतली. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनमंत्री लंडनला गेल्या आणि अल्पावधीतच बंदी मागे घेण्यात आली. ज्या देशाने हा शब्द निर्यात केला, त्यालाच तो परत घेताना संकोच वाटला.

मात्र यावरून ऑस्ट्रेलियन समाज भाषेबाबत सर्वांशी समान उदार होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. न्यू साउथ वेल्समध्ये १९८८ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी आक्षेपार्ह भाषा वापरणे हा गुन्हा आहे. आदिवासींच्या कोठडीतील ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या राजआयोगाने १९९१ च्या अहवालात या विषयाची दखल घेतली. पोलिसांनी स्वतःहून हटकले असता एखाद्याच्या तोंडून आक्षेपार्ह भाषा गेली, तर एरवी तेवढ्यावरून अटक वा आरोप होऊ नये, अशी शिफारस आयोगाने केली. शासकीय संस्थेच्या जाहिरातीत दांडगा शब्द मोकळेपणाचे प्रतीक ठरला. पोलिसांसमोर उभ्या असलेल्या आदिवासीला मात्र असा शब्द कोठडीपर्यंत नेऊ शकत होता.

निष्कर्ष

'ब्लडी' या शब्दाच्या इतिहासावरून असे दिसून येते की, असभ्यता हा शब्दाच्या अर्थातून आपोआप उद्भवणारा गुण नाही. तो समाजाने दिलेला निवाडा असतो. निवाडा देणारा वर्ग जेथे प्रबळ होता, तेथे शब्द निषिद्ध झाला. जेथे तो दुर्बळ होता, तेथे शब्द मोकळा राहिला. म्हणूनच शब्दकोशातील 'ग्राम्य' हा शेरा विद्यार्थ्यांसमोर ठेवताना तो कोणी, कोठे आणि केव्हा दिला, हेही सांगणे आवश्यक आहे. तसे न केल्यास एका वर्गाची नापसंती भाषेचा नियम म्हणून शिकवली जाण्याचा धोका संभवतो.