आबाजींची डिव्हिजन

आबाजी आजीचे सख्खे चुलते की लांबचे, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धात ते 8व्या इंडियन डिव्हिजनसोबत इटलीत होते, एवढं मात्र सगळेच सांगतात. सिरोंच्याहून बैलगाडीनं आलापल्ली, मग बल्लारशाची रेल्वे, पुढे जहाज. वर्ष 1942 की 43, कोण जाणे.

डिव्हिजन म्हणजे काय, हे त्यांनी आम्हा पोट्ट्यांना तेंदूच्या फळीवर समजावलं. 70 पानांचा पुडका, हजार पुडक्यांची गोणी, तशीच चढती मांडणी. दहाएक शिपायांचं सेक्शन, तीन सेक्शनांची प्लाटून, तीन प्लाटूनांची कंपनी, चार कंपन्यांची पलटण. तीन पलटणींची ब्रिगेड आणि तीन ब्रिगेडींची डिव्हिजन. ब्रिगेडीत बहुधा एक पलटण गोऱ्यांची, दोन आपल्या. 21व्या ब्रिगेडीत रॉयल वेस्ट केंटच्या जोडीला मराठा आणि पंजाब पलटणी होत्या.

आजी हिशोबाला पक्की. "नऊ पलटणी, आठ-आठशे माणसं, म्हणजे झाले सात हजार. मंग तुम्ही डिव्हिजनीचे सांगता ते सतरा हजार कुठून आणता, काका?"

"बाकीचे आमी!" आबाजी खूश. तीन रेजिमेंटांच्या 72 तोफा आणि तोफची, पूल बांधणारे सॅपर, तारवाले, फील्ड ॲम्ब्युलन्स, मिस्त्री, लॉरीवाले. आबाजी स्वतः रसदीच्या लॉरीवर. माझा आत्तेभाऊ म्हणतो, भटारखान्यात. गावाला संगिनींच्या गोष्टी हव्या असत. मला आबाजींचीच डिव्हिजन जास्त खरी वाटते.

मे 1944 मध्ये कॅसिनोजवळची गारी नदी ओलांडली, ती कथा दर पावसाळ्यात निघे. नदी प्राणहितेपुढे ओढाच, पण धार जबर. समोरून गोळ्या येत असताना सॅपरांनी पूल टाकले, वरून रणगाडे गेले. (आमच्या प्राणहितेवर पूल यायला पुढे कित्येक दशकं लागली, तोवर डोंगाच.) एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीकाठी याच डिव्हिजनच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून उचलून आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ती हकिकत आबाजी थोडक्यात सांगत, तीही "मी तिथं नव्हतो" हे आधी बजावून.

खाण्याच्या गोष्टी मात्र लांबत. पप्पू-भातावर वाढलेल्या माणसाला रोज आटा! एका इटालियन म्हातारीनं त्यांना मॅकरोनी खाऊ घातली म्हणे. घरी परतल्यावर त्यांनी आजीकडून जाड शेवया करवून घेतल्या, त्यावर चिंचेचं पुलुसु ओतलं आणि इटलीवाल्यांना चिंच ठाऊक नाही, याची मनापासून कीव केली.