हातानं उठवलेलं तिकीट

इंग्लंडच्या डार्टमूर पठारावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्यानं क्रॅनमिअरच्या दलदलीपाशी एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्यानं तीत आपलं कार्ड टाकायचं. पुढं डबे आले, डब्यांत शिक्के आले, आणि वहीत ठसा उठवून घेण्याचा छंदच जडला.

हातानं उठवलेला असा ठसा आपल्याकडंही होता. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडं निघालं, की मला भोरची तिकिटं आठवतात. दोन्ही गड पंत सचिवांच्या भोर संस्थानातले. संस्थानानं १८७९ साली अर्ध्या आण्याचं आणि एका आण्याचं, अशी स्वतःची टपाल तिकिटं काढली. शाई लावलेला शिक्का देशी कागदावर हातानं उठवायचा. कडेला दातेही नाहीत. मला हीच ओबडधोबड तिकिटं फार प्रिय. १९०१ साली शंकरराव पंत सचिवांचं चित्र असलेलं छापील तिकीट आलं. देखणं आहे, पण त्यात कारागिराचा हात दिसत नाही.

गडाच्या तटावर खडूनं नावं लिहिणाऱ्या पोरांना मी या तिकिटांचे फोटो दाखवतो. पायथ्याच्या गुंजवण्यात आणि वेल्ह्यात एकेका घरी डार्टमूरसारखा शिक्का आणि शाईचं पॅड ठेवावं, तटावर लिहिण्याऐवजी गड उतरल्यावर वहीत ठसा घ्यावा, यासाठी गावकऱ्यांशी माझं बोलणं चालू आहे.