विशेषण कोणाच्या सत्तेत?

श्रोतेहो, आपल्या हसनाबादच्या नावातच एक विशेषण वस्तीला आहे. ‘आबाद’ हा शब्द फारशी. अर्थ वसलेले, नांदते. मराठीत येऊनही तो बदलला नाही. गाव आबाद, वस्ती आबाद, घरेही आबादच. मात्र त्याच फारशीतून आलेली ‘साधा’ आणि ‘ताजा’ ही विशेषणे आपली चाल शिकली. आपण साधी राहणी म्हणतो, ताजे दूध मागतो. हे कोणी ठरविले?

विशेषणाने कसे वागावे हे एकाच माणसाने ठरविल्याचेही उदाहरण आहे. बियालिस्टोक गावी रशियन, पोलिश, यिद्दिश व जर्मन बोलणाऱ्यांतील दुरावा डॉ. झामेनहॉफ यांनी लहानपणी पाहिला होता. सर्वांना सारखी परकी, म्हणून सर्वांना सारखी आपली, अशी भाषा त्यांनी रचली व १८८७ साली वॉर्सा येथे १६ नियमांसह प्रसिद्ध केली. तीच एस्पेरान्तो. तिच्यात विशेषणाच्या अंती नेहमी ‘आ’. ‘ग्रांदा दोमो’ म्हणजे मोठे घर. अनेक असली की ‘ग्रांदाय दोमोय’. आरंभी ‘माल’ जोडला की अर्थ उलटा. ‘मालग्रांदा’ म्हणजे लहान. निराळा शब्द पाठ करावयास नको.

पण नामाबरोबर विशेषणाने बदलावेच कशाला? १८९४ साली खुद्द झामेनहॉफ यांनी ते अविकारी करण्याची सूचना इतर सुधारणांसह मांडली. ‘ला एस्पेरान्तिस्तो’ या पत्राच्या वर्गणीदारांनी मते दिली, आणि भाषेच्या जनकाच्याच सुधारणा बहुमताने नाकारल्या! पुढे १९०७ साली काहींनी ‘इडो’ ही वेगळी चूल मांडली. तेथे विशेषण अविकारी झाले.

ज्यावरून त्यांची घरे वेगळी झाली, त्या दोन्ही रीती मराठीत एकत्र नांदतात. मोठा वाडा, मोठी वाडी. पण सुंदर वाडा, सुंदर वाडी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पण त्यापूर्वीच बोलणाऱ्यांनी हा संसार मांडला होता.

१९४८ पर्यंत निजामी अमलात उर्दूतून शिकावे लागलेल्या मराठवाड्याला फारशी शब्द टोचले, तर नवल नाही. परंतु फारशीत लिंगभेदच नाही. ‘साधी’ आणि ‘साधे’ ही रूपे आपल्याच आयाबायांच्या तोंडी घडली. त्यांना परकी म्हणून हाकलणे म्हणजे घडविणाऱ्यांनाच परके ठरविणे होय.