खानदेशातील आदिवासी होळीनृत्ये

खानदेशातील आदिवासी होळीनृत्ये ही महाराष्ट्रातील जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत फाल्गुन महिन्यात होणारी सामूहिक नृत्ये आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी व डोंगरपट्ट्यात राहणारे पावरा आणि भिल्ल समाज ही नृत्ये करतात. होळीपूर्वीच्या आठवड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारांपासून त्यांना सुरुवात होते, होळीच्या रात्री ती रंगात येतात आणि पुढेही काही दिवस गावोगावी चालू राहतात. बाहेरगावचे प्रवासी, छायाचित्रकार आणि अभ्यासक ती पाहण्यासाठी मोठ्या संख्येने येतात. मात्र ही नृत्ये प्रेक्षकांसाठी बसवलेला कार्यक्रम नाहीत. त्यांतील बरेच नर्तक नवस फेडत असतात.

प्रदेश आणि समाज

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला व त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. त्यामुळे जुन्या लेखनात धुळे जिल्ह्यातील म्हणून आलेली अनेक होळीची गावे, उदाहरणार्थ काठी, आज नंदुरबारमध्ये आहेत.

पावरा समाजाची वस्ती जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर, धुळे जिल्ह्यातील शिरपूर आणि नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव व शहादा या तालुक्यांत आहे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात हाच समाज बारेला या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पावरा ही नोंद भिल्ल गटात येते. खाली तापीच्या मैदानात अहिराणी बोलली जाते, तर डोंगरात पावरी आणि भिली बोली चालतात. जळगाव किंवा धुळे शहरातून आलेल्या मराठी पाहुण्यालाही तेथील गाण्यांचे शब्द सहसा कळत नाहीत, ही गोष्ट पुढील गैरसमजांच्या संदर्भात ध्यानात घ्यावी लागते.

भोंगऱ्या बाजार

होळीच्या आधीच्या सात दिवसांत प्रत्येक गावाचा जो आठवडे बाजार येतो, तो त्या गावाचा भोंगऱ्या बाजार होय. शिरपूर तालुक्यातील पळासनेर व बोराडी, चोपडा तालुक्यातील वैजापूर, रावेर तालुक्यातील पाल, तसेच नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव येथील बाजार प्रसिद्ध आहेत. मध्य प्रदेशात झाबुआ, आलिराजपूर व बडवानी भागांत याच बाजारांना भगोरिया म्हणतात.

बाजाराचा मूळ हेतू खरेदी हा आहे. होळीच्या पूजेसाठी गूळ, डाळ्या, खजूर, खोबरे आणि साखरेचे हार-कंगण घेतले जातात; नवे कपडे व दागिनेही विकत घेतले जातात. पाड्यापाड्यांतून लोक आपापला ढोल घेऊन येतात. हे ढोल दोन्ही तोंडांनी वाजणारे आणि आकाराने फार मोठे असतात. गळ्यात अडकवून तो तासन्‌तास वाजवणे हे ताकदीचे काम आहे. सोबतीला बासरी आणि थाळी असते. ढोलाभोवती फेर धरला जातो. स्त्रिया एकमेकींच्या हातात किंवा कमरेत हात गुंफून एका ओळीत पावले टाकतात, तर पुरुष घुंगरांच्या तालावर उड्या घेतात. एका बाजारात अनेक पाड्यांचे ढोल एकाच वेळी वाजत असल्याने नवख्या माणसाला प्रथम नुसता गदारोळ ऐकू येतो. थोडा वेळ एका ढोलाजवळ थांबल्यावर त्या ढोलाचा ठेका वेगळा काढता येतो.

नवस आणि नर्तक

होळीच्या रात्रीचे नृत्य बाजारातील नृत्यापेक्षा वेगळे असते, कारण त्याच्या केंद्रस्थानी नवस करणारे असतात. अपत्यप्राप्ती, आजारातून उठणे, घरातील वा गुराढोरांवरील संकट टळणे अशा कारणांसाठी नवस बोलला जातो आणि काही जण तो सलग काही वर्षे पाळतात. व्रताच्या दिवसांत जमिनीवर झोपणे, पायात वहाण न घालणे, अंघोळ न करणे, ब्रह्मचर्य पाळणे असे नियम असतात. होळीचे दिवस संपल्यावर अंघोळ करून व साज उतरवून व्रत सोडले जाते.

या नर्तकांपैकी बुध्या सर्वांत चटकन ओळखू येतो. त्याच्या उघड्या अंगावर राखेचे किंवा तांदळाच्या पिठाचे पांढरे ठिपके व पट्टे असतात, डोक्यावर मोरपिसे लावलेली बांबूची उंच टोपी असते, गळ्यात माळा आणि कमरेला वाळलेले दुधी भोपळे व मोठे घुंगरू बांधलेले असतात. उडी घेताना भोपळे एकमेकांवर आपटतात आणि त्यांचा आवाज घुंगरांत मिसळतो. म्हणजे नर्तकाचा वेश हेच त्याचे वाद्यही असते. बावा हाही नवसाचाच नर्तक आहे. गेर या गटात पुरुष स्त्रीवेश घेतात. काली अंगाला काळे फासून येते. या मंडळींना गावात आणि बाजारात जे पैसे दिले जातात, त्याला फाग म्हणतात. ती भीक नव्हे, तसेच कलाकाराची बिदागीही नव्हे. व्रत करणाऱ्याला दिलेला तो वाटा असतो.

काठी येथील राजवाडी होळी

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे पूर्वीच्या मेवासी संस्थानांपैकी एक. येथील होळी राजवाडी होळी म्हणून ओळखली जाते आणि सातपुड्यातील होळ्यांमध्ये तिला मानाचे स्थान आहे. होळीसाठी एक अत्यंत उंच बांबू आणला जातो. तो उभा करण्यासाठीचा खड्डा परंपरेनुसार अवजारांनी न खोदता हातांनी कोरला जातो. रात्रभर ढोल वाजतात, निरनिराळ्या गावांचे बुध्या, बावा व गेर येऊन मिळतात, आणि होळी संध्याकाळी न पेटवता पहाटे पेटवली जाते. संध्याकाळी येऊन मध्यरात्री परतणाऱ्या पाहुण्याला मुख्य विधी दिसत नाही तो यामुळेच.

डोंगरातील सर्व गावांची होळी एकाच तिथीला नसते. ती पुढच्या-मागच्या दिवशी ठेवली जाते, म्हणून नवस करणारे एका गावाहून दुसऱ्या गावी नाचत जाऊ शकतात.

साक्री तालुक्यातील पावरी

धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेस, साक्री तालुक्यात, कोकणा समाजाचे पावरी नृत्य आढळते. पावरी हे वाद्याचे नाव असून पावरा समाजाच्या नावाशी त्याची गल्लत करू नये. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाशी कर्ण्यासारखे शिंग अशी त्याची रचना असते. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरीला महत्त्व आहे. रंगमंचावर किंवा शासकीय समारंभात दिसणारे पावरी नृत्य वेगवान असते व त्यात मानवी मनोरे रचले जातात. डोंगऱ्यादेवाच्या व्रतातील नृत्य मात्र रात्रभर चालते आणि त्यातील फेर पुष्कळदा संथ असतो. केवळ मंचावरचा प्रकार पाहून मूळ नृत्याविषयी मत बनवणे धोक्याचे आहे.

गैरसमज आणि आक्षेप

भोंगऱ्या बाजारात तरुण-तरुणी जोडीदार निवडून पळून जातात, असे वर्णन वृत्तपत्रांतून आणि पर्यटनविषयक लिखाणातून वर्षानुवर्षे होत आले आहे. आदिवासी कार्यकर्ते व सुशिक्षित तरुणांनी त्यास सातत्याने विरोध केला आहे. भोंगऱ्या हा होळीच्या सामानाचा बाजार आहे, विवाह ठरवण्याच्या समाजाच्या स्वतंत्र रीती आहेत आणि ‘प्रणयाचा मेळा’ या प्रतिमेमुळे बाजारात येणाऱ्या मुलींकडे बाहेरचे लोक चुकीच्या नजरेने पाहतात, असे त्यांचे म्हणणे आहे. जत्रेत तरुण मंडळी एकमेकांना भेटतात हे खरे. ते कोणत्याही जत्रेत घडते. त्यावरून सणाचा अर्थ काढण्याची पद्धत आदिवासींच्याच बाबतीत अधिक दिसते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरा प्रश्न छायाचित्रणाचा आहे. व्रतस्थ बुध्याला फेरातून बाजूला घेऊन उभे करणे, विचारल्याशिवाय स्त्रियांचे जवळून चित्रण करणे किंवा फेराच्या मध्ये शिरणे यांमुळे विधीत व्यत्यय येतो. फेराबाहेर उभे राहून पाहण्यास सहसा हरकत नसते. परवानगी गावच्या कारभाऱ्याकडे किंवा पोलीस पाटलाकडे मागणे सोयीचे ठरते.

असाच पेच जगात इतरत्रही दिसतो आणि त्यावर समाजांनी वेगवेगळे उपाय योजले आहेत. मेक्सिकोतील टोटोनाक लोकांच्या ‘व्होलादोरेस’ विधीत पाच जण उंच खांबावर चढतात व त्यांपैकी चार जण दोरांना उलटे लटकून फिरत खाली येतात. युनेस्कोने २००९ मध्ये या विधीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. एल ताहिन या प्राचीन स्थळाबाहेर तो पर्यटकांसाठीही केला जातो. ओआहाका शहरात जुलैमध्ये होणारा गेलागेत्झा महोत्सव खुल्या प्रेक्षागृहात तिकीट लावून सादर होतो. याउलट सोनोरा प्रांतातील याकी समाजाने ईस्टरपूर्व विधींच्या काळात छायाचित्रणास मनाई केली आहे. पाहुण्याने पाहावे, पण टिपू नये. सातपुड्यात अशी एकच एक रीत ठरलेली नाही. काय चालते आणि काय नाही, हे प्रत्येक गाव आपल्यापुरते ठरवते.

प्रवास

जळगाव आणि भुसावळ ही मुंबई–हावडा रेल्वेमार्गावरील स्थानके चोपडा, यावल व रावेर तालुक्यांसाठी सोयीची आहेत. पाल हे यावल अभयारण्याच्या परिसरात असल्याने वनखात्याचे नियम पाळावे लागतात. शिरपूर व पळासनेर मुंबई–आग्रा महामार्गावर आहेत. बाजार दुपारी भरात असतात आणि सायंकाळी लवकर उठतात, कारण लोकांना डोंगरातील पाड्यांवर परतायचे असते. होळीच्या रात्री दुर्गम गावांतून परतीचे वाहन मिळणे अवघड असते.